गार पाणी आणि काळजाचा ठोका

मराठी कथाकादंबऱ्यांतून काळजाचा ठोका जितक्या वेळा चुकला असेल, तितक्या वेळा तो कोणत्याही रुग्णालयात चुकला नसेल. अवेळी दारावर थाप पडली, तार आली, अंधारात पाऊल वाजले, की आमच्या लेखकांनी हा ठोका हमखास चुकवला. शब्दप्रयोग वापरून वापरून इतका गुळगुळीत झाला, की त्याच्यामागे खरोखरीचे एक हृदय आहे आणि त्या हृदयाचा ठोका खरोखरच चुकू शकतो, याचा आम्हां वाचकांना विसर पडला. मराठी शिकवणे हा आमचा व्यवसाय. वैद्यक हा नव्हे. तरीही एका वैद्यकीय विषयावर लिहिण्याचे धाष्टर्य आम्ही करीत आहोत, कारण हा प्रश्न जितका शरीराचा आहे तितकाच भाषेचाही आहे, अशी आमची खात्री पटली आहे.

विषय असा : अंगावर अकस्मात गार पाणी आले असता काही माणसांच्या हृदयाची लय बिघडते, आणि क्वचित ती बिघडलेली लय पुन्हा जुळत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की मराठी मनाने गार पाण्याची नोंद नेहमी धैर्याच्या किंवा पुण्याच्या खात्यात केली; शरीराच्या खात्यात कधी केलीच नाही. परिणामी जे डोळ्यांसमोर घडते तेही आम्हांला दिसत नाही.

१४ जानेवारी २०२५ रोजी, मकरसंक्रांतीच्या सकाळी, प्रयागराजच्या महाकुंभात सोलापूरचे माजी महापौर महेश कोठे यांचे निधन झाले. वय ६०. त्रिवेणी संगमावर स्नानाच्या वेळी त्यांना हृदयविकाराचा झटका आला, असे वृत्तपत्रांनी लिहिले. त्यानंतर आमच्या कानांवर आलेल्या प्रतिक्रिया दोन प्रकारच्या होत्या. एक, पर्वकाळी संगमावर मृत्यू म्हणजे भाग्यच. दुसरी, त्या थंडीत कशाला जायचे तिकडे. पहिली श्रद्धेची, दुसरी व्यवहाराची. पण पौषातल्या पहाटेचे ते पाणी अंगावर घेताना शरीरात नेमके काय घडते, हा प्रश्न दोहोंतही नव्हता. एका व्यक्तीच्या मृत्यूचे निदान करण्याचा आमचा अधिकार नाही आणि तसा हेतूही नाही. मात्र तो प्रश्न विचारला जायला हवा होता.

त्याचे उत्तर शरीरशास्त्राने बऱ्याच अंशी दिलेले आहे. थंड पाणी त्वचेला लागताच त्वचेतील शीतसंवेदक एकदम जागे होतात. माणूस नकळत मोठा श्वास आत ओढतो, मग धापा टाकू लागतो. त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो, हृदय धावू लागते. ही प्रतिक्रिया पहिल्या अर्ध्या मिनिटात शिगेला पोहोचते आणि दोन-तीन मिनिटांत ओसरते. पाणी २५ अंश सेल्सियसच्या खाली असले की ती सुरू होऊ शकते; १० ते १५ अंशांच्या पाण्यात ती सर्वांत तीव्र असते. हा झाला पहिला हुकूम : धाव.

दुसरा हुकूम याच्या नेमका उलट आहे. चेहरा, विशेषतः कपाळ आणि नाकाभोवतालचा भाग, गार पाण्यात बुडाला आणि श्वास रोखला गेला, की चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूकडून मेंदूला वर्दी जाते आणि मेंदू व्हेगस या मज्जातंतूद्वारे हृदयाला सांगतो : थांब, सावकाश चाल. सील आणि देवमासे यांना दीर्घकाळ पाण्याखाली राहता येते ते याच प्रतिक्षिप्त क्रियेच्या बळावर. माणसातही ती थोडी उरली आहे. आता जो माणूस काठावरून थेट बुडी मारतो, त्याच्या हृदयाला हे दोन्ही हुकूम एकाच क्षणी मिळतात. इंग्लंडमधील पोर्ट्समथ विद्यापीठाचे मायकेल टिप्टन आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजचे मायकेल शॅटॉक यांनी २०१२ मध्ये ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’त या अवस्थेची मांडणी स्वायत्त मज्जासंस्थेतील संघर्ष अशी केली. अशा वेळी, विशेषतः रोखलेला श्वास सुटतो त्या सुमारास, निरोगी तरुणांच्याही आलेखात वेडेवाकडे ठोके उमटतात. बहुतेकांच्या बाबतीत ते क्षणात सरळ होतात आणि त्यांना पत्ताही लागत नाही.

या ठिकाणी प्रमाणाचे भान राखणे आवश्यक आहे. सकाळी बादलीभर गार पाण्याने अंघोळ करणारी कोट्यवधी माणसे सुखरूप आहेत आणि राहतील. भीती आहे ती ज्यांचे हृदय आधीच नाजूक आहे त्यांना : ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत, ज्यांचे स्नायू जाड झाले आहेत, ज्यांना पूर्वी अनियमित ठोक्यांचा त्रास झाला आहे. आणखी एक गट आहे आणि तो अधिक फसवा आहे. ‘लाँग क्यू-टी’ नावाचा एक आनुवंशिक दोष असतो. त्यात प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाची विद्युत्-व्यवस्था पूर्ववत व्हायला नेहमीपेक्षा अधिक वेळ घेते. त्याच्या पहिल्या प्रकारात पोहणे हेच लय बिघडण्याचे एक ठळक निमित्त ठरते. हा दोष असलेला मुलगा दिसायला धडधाकट असतो, मैदानावर खेळतो, आणि एके दिवशी पाण्यात उतरल्यावर बेशुद्ध होतो. साध्या ईसीजीत हा दोष बहुधा दिसतो. परंतु ईसीजी काढायला हवा असे कोणाला वाटावे तर लागते ना!

याच गार पाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हृदय एका विशिष्ट प्रकारे भरधाव सुटले असता तान्ह्या मुलाच्या चेहऱ्यावर बर्फाच्या पाण्याची पिशवी काही सेकंद धरून त्याची लय ताळ्यावर आणण्याची रीत डॉक्टर वापरतात. तोच मज्जातंतू, तोच हुकूम; येथे मात्र तो तारक. गार पाणी स्वतः गुणी नाही की अवगुणी नाही. ते कोणाच्या हृदयावर, किती अचानक आणि कोणत्या स्थितीत येते, यावर सारे अवलंबून आहे. (हा प्रयोग घरी करू नये, हे सुज्ञ वाचकांस वेगळे सांगणे न लगे.)

आता भाषेकडे येतो. मराठीत हृदयाशी संबंधित कोणत्याही आकस्मिक मृत्यूला ‘हृदयविकाराचा झटका’ हा एकच शब्द आहे. वास्तविक दोन घटना निराळ्या आहेत. एकीत रक्तवाहिनी तुंबते आणि स्नायूला रक्त मिळत नाही. दुसरीत वाहिन्या मोकळ्या असूनही ठोक्यांची विद्युत्-लय कोसळते. पहिलीला झटका म्हणावे. दुसरीला डॉक्टर ‘अ‍ॅरिदमिया’ म्हणतात, रुग्णाला तो शब्द कळत नाही, आणि तो घरी येऊन सांगतो, “काही नाही, गॅसेस आहेत म्हणाले.” आमची सूचना अशी, की हिला ‘तालभंग’ म्हणावे. ज्या समाजातल्या अशिक्षित माणसालाही भजनात टाळ चुकलेला तत्काळ कळतो, त्याला हृदयाचा तालभंग समजावून सांगायला शब्दकोशाची गरज पडणार नाही.

शब्द नसला म्हणजे नोंद होत नाही. पाण्यात मेलेल्या माणसाच्या बाबतीत तर ही अडचण दुप्पट आहे. रक्तवाहिनीतली गुठळी शवविच्छेदनात सापडते. तालभंग सापडत नाही. थांबलेल्या हृदयात विजेचा गोंधळ मागे राहत नाही. अखेरच्या क्षणी पाणी फुप्फुसांत गेलेले असते, आणि कागदावर ‘बुडून मृत्यू’ असे लिहिले जाते. ‘पट्टीचा पोहणाराच बुडतो’ असे आपण म्हणतो आणि त्यातून गर्वाचे घर खाली हे तात्पर्य काढतो. त्या पट्टीच्या पोहणाऱ्याने कदाचित गर्व केलाच नसेल. गार पाण्यात सूर मारताना पहिला श्वास त्याच्या इच्छेविरुद्ध आत ओढला गेला असेल, किंवा हातपाय मारण्यापूर्वीच त्याचा ताल तुटला असेल. म्हणीने त्याच्यावर ठेवलेला ठपका एकदा तपासून पाहायला हवा. गावोगावच्या विहिरींवर आणि नदीकाठी साती आसरा मांडलेल्या असतात. बुडालेल्याला ‘आसरांनी ओढले’ असे जुनी माणसे म्हणत. त्या स्पष्टीकरणात निदान मृताची निंदा नव्हती.

आम्ही ज्या परिसरात राहतो आणि शिकवतो त्याकडे पाहू. पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा हा पट्टा कारखान्यांचा म्हणून ओळखला जातो, पण त्याची मूळ ओळख नद्यांची आहे. पवनेच्या काठी चिंचवडला मोरया गोसावींची समाधी. इंद्रायणीच्या काठी देहू आणि आळंदी. चाकणच्या उत्तरेला भामा. तुकोबांच्या वह्या तरल्या त्या या पाण्यावर. आळंदीची कार्तिकी यात्रा वद्य एकादशीला भरते, म्हणजे बहुधा नोव्हेंबरअखेरीस किंवा डिसेंबरच्या प्रारंभी. रात्रभर चालून आलेली, अर्धपोटी, उपवासाची, साठी उलटलेली माणसे पहाटे इंद्रायणीत उतरतात. अलीकडे त्या पाण्यावर तरंगणाऱ्या फेसाची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पाण्याच्या गारव्याची चर्चा मात्र आम्ही कधी ऐकलेली नाही.

दुसरे चित्र कारखान्यांचे. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी या गावांत एकेका खोलीत चार-चार, सहा-सहा तरुण राहतात. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तरेकडून आलेले. काही आमचे विद्यार्थीही आहेत, रात्रपाळी करून सकाळच्या वर्गात डुलक्या घेणारे. वीजबिल वाढते म्हणून खोलीमालक पाणी तापवायचा हीटर लावू देत नाही. पाळी सुटल्यावर डिसेंबरातल्या सकाळी गच्चीवरच्या टाकीतले रात्रभर गारठलेले पाणी डोक्यावर ओतून घेणे हाच झोपेपूर्वीचा विधी. अपुरी झोप, रिकामे पोट, खिशात तंबाखूची पुडी. गुरुवारी साप्ताहिक सुटी असते. पावसाळ्यात त्या दिवशी टोळी करून मावळातले धबधबे आणि बंधारे गाठायचे, कुणी तरी बाटली आणलेली असते, आणि जो पहिली उडी मारील तो मर्द. दारूने ठोका बिघडू शकतो, हे वैद्यकाला पुरते ठाऊक आहे. तिच्या जोडीला गार पाण्यातली अकस्मात उडी आली म्हणजे काय होईल याची कल्पना करता येते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी असते : पोहता येत असूनही बुडाला.

गार पाणी पिण्याचीही एक बाजू आहे. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या कर्णिकेला अगदी खेटून खाली उतरते. बर्फगार पेय घटाघटा गिळल्यावर छातीत फडफड सुरू झाल्याचे, आलेखातही ती उमटल्याचे काही रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. अशी माणसे थोडी आहेत, पण ज्याला हे होते त्याला ते नेमके ठाऊक असते आणि त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उन्हाळ्यात पिण्याचे पाणी गार करून देण्याची तरतूद केली. भट्टीपाशी राबणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ती तरतूद फार मोलाची. ते पाणी एका दमात पिऊ नये, इतके सांगणारी पाटी मात्र कूलरवर कोणी लावली नाही. उन्हातून आलेल्याच्या हाती आधी गुळाचा खडा आणि मग पाण्याचा तांब्या देणाऱ्या घरांत हे काम गुळाचा खडाच करीत असे. तो चघळेपर्यंत धाप बसे.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते तर! असा दावा आम्ही करणार नाही. पूर्वजांना तालभंग ठाऊक नव्हता, आणि आज त्यांच्या नावाने तसे म्हणवून घेण्यात आम्हांला रस नाही. तथापि आचारांतून जे टिकून राहिले ते पाहण्यासारखे आहे. कार्तिकस्नान आश्विन पौर्णिमेला, म्हणजे कोजागरीला, सुरू होते. तेव्हा पाणी पुरते गारठलेले नसते. महिनाभर रोज पहाटे स्नान करीत गेल्याने पाण्याबरोबर शरीरही सरावत जाते. गार पाण्याचा धक्का मोजक्या पाच-सहा स्नानांनंतरही बराच सौम्य होतो, हे आता प्रयोगांनी दाखवले आहे. नदीत शिरण्यापूर्वी ओंजळभर पाणी डोळ्यांना आणि मस्तकाला लावायचे, मग घाटाच्या पायऱ्या एकेक करून उतरायच्या, ही रीतही तशीच. दिवाळीच्या अभ्यंगाला तर घरोघर बंब पेटत आणि पाणी ऊनच लागे. रीत जाऊन केवळ पुण्य उरले की काय होते? वर्षभर गीझरच्या पाण्याने अंघोळ करणारा गृहस्थ गाडीने रात्रभर प्रवास करतो, पहाटे गर्दीत ढकलला जातो आणि थेट तीन बुड्या मारतो. त्याने व्रत केले नाही. व्रताचा शेवटचा दिवस तेवढा विकत घेतला.

धैर्याचे खाते याहून जड आहे. समर्थ रामदास टाकळीला गोदावरी-नंदिनीच्या संगमात कमरेइतक्या पाण्यात उभे राहून बारा वर्षे जप करीत होते, ही कथा प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये विहिरीत पोहायला भिणाऱ्या श्यामला त्याची आई फोकाने मारून पाठवते, हा प्रसंग शिकवताना वर्ग नेहमी आईच्या बाजूने असतो, आणि आम्हीही असतो. मुलाला पोहता यावे, जगाने त्याला भित्रा म्हणू नये, ही त्या माउलीची तळमळ खरीच आहे. परंतु या कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगताना आम्ही अध्यापकांनी एक अर्थ नकळत पक्का केला : पाण्याला भिणे म्हणजे भित्रेपणा, आणि भित्रेपणावर उपाय म्हणजे ढकलणे. बारा वर्षे या शब्दातला रोजचा सराव कोणी सांगितला नाही. कंबरभर पाण्यात उभे राहणे आणि सूर मारणे यांतला फरकही सांगितला नाही.

आज तोच संस्कार भ्रमणध्वनीच्या पडद्यावर नव्या वेषात आला आहे. बर्फाने भरलेल्या टबात बसलेला पिळदार तरुण, खाली हजारो पसंतीचे अंगठे. विम हॉफ या डच गृहस्थाने ही लाट जगभर लोकप्रिय केली. त्याच्या श्वसनाच्या व्यायामांबाबत ते पाण्यात कधीही करू नयेत, ही इशारत त्याच्याच पद्धतीत आहे. आमच्या भागातल्या व्यायामशाळांपर्यंत टब पोहोचला; इशारत वाटेतच गळाली. गार पाण्याने मन प्रसन्न होते, अंग हलके होते, असे म्हणणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. ज्याला छातीत धडधडले त्याने ते कोणाला सांगू नये, अशी जी हवा त्याच्याभोवती तयार होते, तिच्याशी आहे. ‘काळीज वाघाचे’ असणाऱ्याने ठोका चुकल्याचे सांगायचे कसे?

तेव्हा आमची मागणी साधी आहे. आळंदीच्या घाटावर, महापालिकेच्या जलतरण तलावांवर, मावळातल्या बंधाऱ्यांपाशी आणि २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरी भरणाऱ्या सिंहस्थात स्वच्छ मराठीतल्या पाट्या असाव्यात. (श्रावण-भाद्रपदातली गोदावरी पौषातल्या गंगेइतकी गार नसते, हे खरे, पण गर्दी, जागरण आणि वय तेच असते.) पाटीवर चार वाक्ये पुरेत. थेट बुडी मारू नका. आधी पाय, मग हात, मान आणि चेहरा ओला करा. पहिली दोन-तीन मिनिटे काठ धरून उभे राहा, श्वास रोखू नका. पूर्वी छातीत धडधडून भोवळ आली असेल, किंवा घरात कोणी तरुणपणी अकस्मात अथवा पाण्यात दगावले असेल, तर डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढल्याखेरीज पाण्यात उतरू नका. आणि कोणी कोसळला, हाकेला ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही असे दिसले, तर तोंडावर पाणी मारत बसू नका. १०८ ला फोन करा आणि छातीच्या मध्यभागी जोराने, भरभर दाब द्यायला लागा. शेवटचे वाक्य मुद्दाम लिहिले आहे. बेशुद्धाच्या तोंडावर पाणी शिंपडणे हा आपल्या नाटक-चित्रपटांनी शिकवलेला सार्वत्रिक उपचार आहे, आणि तालभंगात तेवढ्या मिनिटांत माणूस हातचा जातो.

पाट्या लावणे शासनाचे आणि महापालिकेचे काम. शब्द रुळवणे आमचे, म्हणजे लिहिणाऱ्या-शिकवणाऱ्यांचे. उद्या वर्गात तो विहिरीचा प्रसंग शिकवताना आईची माया सांगून झाल्यावर दोन मिनिटे अधिक घ्यावीत आणि विचारावे, की तुमच्यापैकी कोणाला पाण्यात उतरल्यावर छातीत धडधडते का? वर्ग आधी हसेल. मग मागच्या बाकावरचा रात्रपाळीहून आलेला एखादा हात वर करील. तो हात वर होईपर्यंत थांबणे हेही मराठीच्या अध्यापनातच मोडते, असे आमचे नम्र पण ठाम मत आहे.